दोनशे पंचावन्नच्या पुढे

डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच राहायचो, बाबा आणि मी. बाबा पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलून देणारे. आई गावी, अमळनेरजवळ, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची उस्तवार करत आणि धाकट्या भावाची शाळा सांभाळत अडकलेली. मी पुण्याचं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडून आले होते. सोडून आले असं म्हणणंही तितकंसं खरं नाही. आधी मी वर्गात जायची थांबले, मग मेसमध्ये जेवायला जायची थांबले, आणि शेवटी दोन महिने होस्टेलच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून नुसती पडून राहिले. रेक्टरबाईंनी फोन केला तेव्हा बाबा आले. त्यांनी माझी गादी गुंडाळून सुतळीनं बांधली, ट्रंक उचलली, आणि आम्ही गाडीत बसलो. सबंध प्रवासात ते एकदाच बोलले, "खिडकीशी बस माय, हवा लागेल." काय झालं, का झालं, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि त्यानंतरही नाही. आईनं फोनवर एकदा विचारायला सुरुवात केली, तर त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि आजोबांच्या औषधांचं बोलणं काढलं. मला वाचवण्यासाठीच त्यांनी ते केलं असणार. पण मला तेव्हा वाटलं, ह्यांना ऐकायचंच नाही.

त्या घरात शांतता अशी कधीच नसायची, आणि तरी मला ते घर मुकं वाटायचं. मालगाडी गेली की मांडणीवरची ताटं थरथरत, आणि शेवटचा डबा गेल्यावरही एखादं ताट उगाच किणकिणत राही. स्टेशनवरची घोषणा मराठीत, हिंदीत, गुजरातीत अशी तीनदा होई, आणि मी तिन्ही वेळा ऐकायची, कारण दिवसभरात माझ्या कानावर पडणारं तेच बोलणं. डावीकडच्या क्वार्टरमधून हिंगाच्या फोडणीचा वास यायचा, उजवीकडून भाजलेल्या सुक्या बोंबलांचा. आमच्याकडे आईनं पाठवलेलं कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ आम्ही पुरवून पुरवून वापरत होतो. बाबा ड्यूटीवरून आले की स्वतः भाकऱ्या थापायचे. जाडजूड, एका बाजूनं करपलेल्या. मी ठेचा वाटायची. "जेवली का?" "हो." "मीठ कमी झालं का?" "नाही, बरोबर आहे." एवढ्यावर आमचा दिवस मिटायचा. पालघर जिल्हा तेव्हा नुकताच ठाण्यापासून वेगळा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवर अजून जुनंच नाव होतं. मलाही त्या पाट्यांसारखंच वाटायचं. आपला पत्ता बदललाय हे ठाऊक आहे, पण नवा पत्ता अजून कुणी लिहून दिलेला नाही.

स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक कागद चिकटवलेला मला दिसला. जाड स्केचपेननं, ओळी वरखाली जात लिहिलेला: 'कॉम्प्युटरचे कागद वाचून दाखवणारं माणूस पाहिजे. आवाज गोड नको, साफ पाहिजे.' खाली कोसबाडच्या रस्त्यावरच्या एका चिकूच्या वाडीची खूण. मी तो कागद तीन दिवस वाचला आणि चौथ्या दिवशी गेले. नोकरी हवी म्हणून गेले नाही. दुपारी कुणाशी तरी बोलता येईल, एवढंच डोक्यात होतं.

फिरोजा आंटी पासष्टीच्या पुढच्या होत्या. डहाणूतल्या जुन्या इराणी बागायतदारांपैकी एका घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं. भाऊ-भावजय वारल्यावर त्या मोठ्या बंगल्यात एकट्याच राहायच्या. वाडी त्यांनी कसायला देऊन टाकली होती. त्यांच्या नजरेचा मधला भागच गेला होता. समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, कडेकडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळे बोलताना त्या माझ्याकडे न बघता माझ्या खांद्याच्या बाजूला बघायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, ह्यांना मी आवडलेली दिसत नाही.

"काय शिकली तू?" त्यांनी विचारलं.

"इंजिनिअरिंग. दीड वर्ष."

"मग?"

"मग सोडलं."

"बरं. पास्कल वाचता येते?"

"आम्हाला सी भाषा होती. पण वाचेन."

"वाच," असं म्हणून त्यांनी माझ्यापुढे एक गठ्ठा सरकवला. दोन्ही कडांना भोकं असलेला, घड्या घड्यांचा तो लांबलचक कागद मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. शाई फिकट जांभळी पडलेली. मी वाचू लागले. स्वल्पविराम, कंस, अर्धविराम, सगळं तोंडानं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. दोनेक पानं झाल्यावर म्हणाल्या, "उद्यापासून ये. दुपारी दोन वाजता. चहा मी करते, तू करू नको. मला भांडी कुठे आहेत ते माहीत आहे, तुला नाही."

तो गठ्ठा म्हणजे त्यांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम होता. मुंबईत, अंधेरीच्या एका छोट्या कंपनीत, पर्सनल कॉम्प्युटर नवेनवे आले तेव्हा त्या इंजिनिअर होत्या. कंपनीत त्या एकट्या बाई. एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायची तर तेव्हा फ्लॉपी खिशात घालून जावं लागे. आंटींनी तारेतून फाइल पाठवणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'डाक'. आज कुणाला हे सांगितलं तर तो हसेल. त्या काळातही, म्हणजे मी वीस वर्षांची होते तेव्हाही, माझ्या फोनवरून सिनेमासुद्धा इकडून तिकडे जायचा. पण आंटींच्या मागच्या खोलीत टेबलावर दोन जुने कॉम्प्युटर शेजारी शेजारी ठेवलेले होते. एक, कंपनी बंद झाली तेव्हा घरी आणलेला; दुसरा वापीच्या भंगारवाल्याकडून आणलेला. दोघांना जोडणारी एक करडी तार. पडद्यावर हिरवी अक्षरं. आणि आंटींना, तीस वर्षांनंतर, त्या प्रोग्राममधले दोष काढायचे होते.

का, हे मी विचारलं नाही. न विचारणं मी घरी शिकले होते.

दोष होते, आणि पुष्कळ होते. मधेच तार निसटली तर दोन्ही यंत्रं एकमेकांची वाट बघत गोठून जायची. आम्ही तीन आठवडे त्यावर घालवले. फाइलचं नाव लहान अक्षरांत दिलं की प्रोग्राम ती सापडत नाही म्हणायचा; ते एका दुपारी सुटलं. मी कागद वाचायची, आंटी मधेच हात वर करायच्या. "थांब. आता मागच्या पानावरचं ते वाच, जिथे उत्तर यायची वाट बघते." सगळा प्रोग्राम त्यांच्या डोक्यात होता, जसं एखाद्या बाईला आपल्या घराच्या पायऱ्या अंधारात ठाऊक असतात. मग त्या दुरुस्ती तोंडी सांगायच्या, मी टाइप करायची, आणि आम्ही फाइल पाठवून बघायचो. पोहोचली की पडद्यावर रोमन लिपीत अक्षरं उमटायची: डाक पोहोचली. आंटी ती वाचू शकत नसत. मी मोठ्यानं म्हणायची, आणि त्या चहाच्या कपावर बोटानं एकदा टक् करायच्या. बाहेर झाडांवरून बाया जाळीच्या काठ्यांनी चिकू काढत असायच्या, त्यांचं आपसातलं बोलणं ऐकू यायचं, वारलीत, भरभर. त्यातलं मला चार शब्दही कळत नसत. पण मी त्या खोलीत दुपारभर बोलत होते. माझाच आवाज मला पुन्हा ओळखीचा होत होता. कॉलेजात ज्या विषयात मी बुडाले तोच विषय इथे एका बाईला वाचून दाखवताना मला समजत होता. आता विचार करते तेव्हा वाटतं, तिथे मला कुणी एक एक ओळ, न घाई करता, मोठ्यानं वाचू दिली असती तर कदाचित मी टिकले असते. कदाचित नसतेही.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला लागली. गठ्ठ्यातली चार-पाच पानं आंटी मला वाचू देत नसत. तिथपर्यंत आलं की म्हणायच्या, "ते ठीक आहे, पुढचं घे." एकदा, दोनदा मी सोडलं. दिवाळीनंतरच्या एका दुपारी त्या चहा करायला आत गेल्या असताना मी ती पानं उघडली. फाइलचे तुकडे करून पाठवण्याचा भाग होता. एकेका तुकड्यात एकशे अठ्ठावीस अक्षरं, आणि प्रत्येक तुकड्याला एकपासून पुढे नंबर. तो नंबर साठवायला त्यांनी एकच बाइट दिला होता. एका बाइटमध्ये शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतच आकडे मावतात; त्यापुढचा आकडा परत शून्य होतो. गाडीच्या मीटरसारखं, नव्व्याण्णवनंतर पुन्हा शून्य. इथपर्यंत तरी चाललं असतं. पण दोन ओळींखाली लिहिलं होतं, की नंबर शून्य आला म्हणजे फाइल संपली असं समजावं.

आंटी ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. कागदाची घडी मोडल्याचा आवाज त्यांनी ऐकला असणार.

"आंटी," मी म्हटलं, "दोनशे पंचावन्नच्या पुढे काय होईल?"

त्यांनी ट्रे ठेवला. टेबलाची कड चाचपून मग ठेवला, एरवी त्या कधी चाचपत नसत. "तू सांग."

"मोठी फाइल असेल तर दोनशे छप्पन्नावा तुकडा शून्य होऊन येईल. पलीकडचा कॉम्प्युटर म्हणेल, संपलं. उरलेली फाइल जाणारच नाही. आणि दोन्हीकडे 'डाक पोहोचली' असंच दिसेल."

"आज जा तू, दीकरा," त्या म्हणाल्या. "मी बोलावते तेव्हा ये."

पाच दिवस बोलावणं आलं नाही. ते पाच दिवस मी क्वार्टरमध्ये पुन्हा तिन्ही भाषांतल्या घोषणा ऐकत बसले. मला वाटत होतं, मी आगाऊपणा केला आणि मला मिळालेली एकुलती एक जागा गमावली. बाबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "आज जाणं नाही?" मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली आणि शिट्टीची दोरी गळ्यात अडकवून निघून गेले.

सहाव्या दिवशी आंटींचा फोन आला. मी गेले तर त्या बंगल्याच्या पायरीवर माझी वाट बघत बसल्या होत्या. "मोठी फाइल बनव," त्या म्हणाल्या. मी हजार ओळींची फाइल केली, प्रत्येक ओळीला तिचा आकडा घातला आणि पाठवली. दोन्ही पडद्यांवर आलं: डाक पोहोचली. मग पलीकडच्या कॉम्प्युटरवर उघडून बघितलं, तर फाइल एका ओळीच्या अर्ध्यात तुटलेली. शब्दही पुरा नाही. मी तसं सांगितलं. आंटींनी दुरुस्ती सांगितली. फक्त दोन ओळी होत्या. पुन्हा पाठवली, सगळीच्या सगळी गेली. कपावर टक् झालं नाही.

मग त्यांनी सुलभाची गोष्ट सांगितली.

सुलभा कैनाडची. तिचे वडील चिकूच्या हंगामात आंटींच्या वाडीत कामाला यायचे. मुलगी दहावी झाली, टायपिंग शिकली, आणि आंटींनी शब्द टाकून तिला अंधेरीच्या कंपनीत चिकटवली. कंपनीनं तेव्हा खेड्यांतल्या बायकांच्या आजारपणाच्या पाहणीचं काम घेतलं होतं. भरलेले फॉर्म यायचे, सुलभा दिवसभर ते टाइप करायची, आणि फाइल तारेवरून दुसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरवर पाठवायची. पोहोचली असं दिसलं की फ्लॉपी पुसून पुन्हा वापरायची, फ्लॉप्या महाग होत्या. भरलेले फॉर्म रद्दीत जायचे. आठ महिन्यांनी कुणीतरी मोजलं तर निम्म्याहून जास्त बायकांची माहितीच नव्हती. मालकानं सुलभाला सगळ्यांसमोर उभं केलं. ती म्हणाली, मी टाइप केलंय, सगळं केलंय. मालक म्हणाला, मशीन खोटं बोलत नाही, तू बोलतेस. अर्धं काम करून घरी जात होतीस.

"मी त्या खोलीत होते," आंटी म्हणाल्या. "आणि मला तिथेच, त्याच मिनिटाला, वाटलं की मी मोठी फाइल पाठवून कधी बघितलीच नाही. माझ्या सगळ्या टेस्ट लहान फाइलच्या. मी मनात म्हटलं, उद्या बघीन. खात्री झाली की सांगीन. उद्या सुलभाची खुर्ची रिकामी. मग मी बघितलंच नाही. बघितलं असतं तर माहीत झालं असतं नी. तिथे मी एकटी बाई होते, दीकरा, सगळे वाटच बघत होते माझी चूक निघायची. पण हे कारण आहे, जवाब नाही."

"तिचे वडील?"

"पुढच्या हंगामात आले नाहीत. परत कधीच आले नाहीत. कैनाड इथून किती लांब आहे? तूच सांग, किती लांब आहे?"

 सायकलनं जाता येईल एवढंच लांब होतं.

चौकशी करायला फार दिवस लागले नाहीत. सुलभा आता अच्छाडला होती, गुजरात हद्दीवरच्या चेकपोस्टच्या अलीकडे, नवऱ्याबरोबर खाणावळ चालवत होती. आम्ही दोघी एका सकाळी एसटीनं तलासरीला गेलो आणि तिथून शेअर रिक्षानं पुढे. हायवेला ट्रकची रांग लागली होती, आंटी माझा दंड धरून चालत होत्या आणि दर ट्रकच्या हॉर्नला त्यांची बोटं आवळायची. खाणावळ म्हणजे पत्र्याची लांबट शेड, बाहेर बाजली, ड्रायव्हर दात घासत बसलेले. भट्टीपाशी एक बाई रोट्या लाटत होती, गुजरातीत कुणालातरी ओरडत होती की पाणी भरून ठेव. पन्नाशीची, काटक, केसांवर पीठ उडालेलं. आंटी समोर उभ्या राहिल्या आणि त्यांना चेहरा दिसत नसल्यानं त्यांनी विचारलं, "सुलभा?"

त्या बाईचं लाटणं थांबलं. "मॅडम," ती म्हणाली. नुसता आवाज ऐकून. मग तिनं पुन्हा लाटायला घेतलं. "बसा. चहा घ्याल?"

आंटी बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. प्रोग्राममध्ये चूक होती. फाइल अर्धी तुटायची. तुझा दोष नव्हता. मला तेव्हाच शंका आली होती आणि मी गप्प बसले. एवढं चार वाक्यांत. सुलभाताई ऐकत होत्या आणि रोट्या तव्यावर टाकत होत्या, उलटत होत्या. एक ड्रायव्हर येऊन दोन रोट्या मागून गेला, त्याला त्यांनी वाढल्या.

मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कुठे तुटायची फाइल?"

"साडेबत्तीस हजार अक्षरांच्या थोडं पुढे," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी तिथेच."

"म्हणजे लहान फाइल असली तर पूर्ण जायची?"

"हो."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. लाटणं पोळपाटावर ठेवून दिलं. "म्हणूनच शनिवारचं काम कधी कमी भरलं नाही. शनिवारी अर्धा दिवस असायचा. मी तेव्हा सांगत होते त्यांना, शनिवारचं बघा, शनिवारचं सगळं आहे. कुणी ऐकलं नाही. मला वाटलं, मीच वेडी झाले असेन. शनिवारी नीट करते आणि बाकीचे दिवस झोपून करत असेन." त्यांनी पदरानं हात पुसले, पुसतच राहिल्या. आंटी म्हणाल्या, "सुलभा, मला माफ कर असं मी म्हणत नाही."

"म्हणू पण नका. माझे बाप गेले त्याला अकरा वर्षं झाली. ते गेले तेव्हा त्यांना मी चोरटी वाटत होते. कामाची चोरटी. तुमच्या घरच्यांपुढे मान खाली घालायला लावली म्हणायचे." त्या भट्टीकडे वळल्या, मग परत आमच्याकडे. "आई आहे अजून. कैनाडला, भावाकडे. तिला येऊन सांगाल? माझ्यासमोर?"

"येते," आंटी म्हणाल्या.

"तिला ऐकू कमी येतं. मोठ्यानं सांगावं लागेल."

"सांगते."

दोन दिवसांनी आम्ही कैनाडला गेलो. भात कापून झालेला, अंगणात पेंढ्याची उडवी, एका बाजूला उखळ. सुलभाताई आमच्या आधी आलेल्या होत्या. त्यांची आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, ऐंशीच्या घरातली, अंगानं अगदी एवढीशी. आंटींना मी तिच्याजवळ नेऊन बसवलं. त्यांनी हळू आवाजात सुरुवात केली तर म्हातारी म्हणाली, "काय बोलते ही? मोठ्यानं बोल." आंटी थोड्या मोठ्यानं बोलल्या. म्हातारीनं कानामागे हात धरला. मग आंटी ओरडल्या. आयुष्यभर हलक्या आवाजात बोललेली ती बाई, वाडीच्या मालकाची मुलगी, कैनाडच्या अंगणात ओरडून सांगत होती, "चूक माझी होती! सुलभानं सगळं काम केलं होतं! मी खोटी! सुलभा खरी!" शेजारच्या घरातून दोन बाया बाहेर आल्या. रस्त्यावरून जाणारा एक माणूस सायकल धरून थांबला. आंटींना ते दिसत नव्हतं, पण पावलं ऐकू येत असणार. त्या थांबल्या नाहीत. एक वाक्य म्हातारीला कळलं नाही, तर ते त्यांनी तीनदा ओरडून सांगितलं. शेवटी त्यांचा आवाज फाटला.

म्हातारीला समजलं.  मग तिनं आंटींकडे नाही, आपल्या मुलीकडे मान वळवली आणि जरा रागावूनच विचारलं, "मंग तू तवाच का नाय सांगितलं?"

सुलभाताई खांबाला धरून उभ्या होत्या.

"सांगितलं होतं, आये," त्या म्हणाल्या. "रोज सांगितलं होतं."

म्हातारीला हे ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. सुलभाताईंनी ते ओरडून सांगितलं नाही, आणि कुणी त्यांना पुन्हा सांगायलाही लावलं नाही. बाया घरात गेल्या. आम्हाला काळा चहा आणि तांदळाची भाकरी दिली, आणि आम्ही ती खाल्ली. निघताना सुलभाताई रिक्षापर्यंत आल्या. त्यांनी आंटींचा हात धरून त्यांना आत बसवलं, पाय आत घेतला का ते बघितलं. पण "परत या" असं त्या म्हणाल्या नाहीत. आंटीही तसं काही म्हणाल्या नाहीत. ह्या दोघी पुढे कधी भेटल्या असं माझ्या ऐकिवात नाही. काही गोष्टी दुरुस्त होतात म्हणजे एवढंच, की चूक कुठे होती ते कळतं. बायकांची गेलेली माहिती काही परत येत नाही, आणि बापही नाही. वर्षभरानं आंटी पुण्याला भाचीकडे गेल्या, ते दोन कॉम्प्युटर त्यांनी जाताना मला विचारून भंगारात दिले.

कैनाडहून मी संध्याकाळी क्वार्टरवर आले तेव्हा बाबा रात्रपाळीला निघायच्या तयारीत होते. डबा भरत होते. मी चप्पल काढली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. ते मला विचारतील म्हणून मी वर्षभर थांबले होते. त्या दिवशी मला ते ओझं आणखी एक रात्रही सोसवेना.

"बाबा, मी कॉलेज का सोडलं ते तुम्हाला सांगायचंय."

त्यांच्या हातात डब्याचं झाकण होतं. ते तसंच हातात राहिलं.

मी सुरुवात केली. पहिल्या सेमिस्टरला नापास झाले ते घरी लपवलं होतं. मग वर्गातल्या मुलींबरोबर बसायची लाज वाटायला लागली. मग भूक जायला लागली, झोप जायला लागली. सकाळी उठून दात घासायलाही जमेना, आणि का जमत नाही ते कुणाला सांगताही येईना. मी सांगत होते आणि घोषणा सुरू झाली, मराठीत, हिंदीत, गुजरातीत. मी थांबले, ती संपली, पुन्हा सुरुवात केली. बाबा तसेच उभे. मी दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत आले तेव्हा त्यांनी घड्याळाकडे बघितलं. ड्यूटीची वेळ झाली होती. त्यांनी झाकण लावलं, डबा पिशवीत घातला आणि गेले.  दार ओढून घेतल्याचा आवाज आला, आणि मला वाटलं, बरोबर आहे, हे माणूस असंच आहे, आपणच मूर्ख.

सकाळी ते आले तेव्हा मी जागीच होते. त्यांनी बाहेरच्या नळावर पाय धुतले, आत येऊन चहाचं आधण ठेवलं, दोन कप भरले. एरवी चहा घेऊन ते सरळ आडवे व्हायचे. त्या दिवशी त्यांनी जमिनीवर माझ्यासमोर बसकण मारली, भिंतीला पाठ टेकली, डोळे झोपेनं लाल झालेले. कप माझ्याकडे सरकवला.

"हं," ते म्हणाले. "दुसऱ्या सेमिस्टरला काय झालं?"